कायद्यापुरता माणूस



१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीचे भारतातील पहिले दुकान उघडले. विजेवर चालणारी मोटार, नाव 'मॉडेल वाय', किंमत साठ लाखांच्या घरात. तिच्या किंमतपत्रकात आणखी एक बाब होती. 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग', म्हणजे साध्या मराठीत 'गाडी पूर्णपणे आपली आपण चालेल', या सोयीसाठी वेगळे सहा लाख रुपये. आणि याच बाबीच्या खाली बारीक अक्षरांत खुलासा होता की, चालकाने सतत देखरेख ठेवली पाहिजे आणि या सोयीमुळे गाडी स्वयंचलित होत नाही.

मोठ्या अक्षरांत एक सांगावयाचे आणि बारीक अक्षरांत नेमके त्याच्या उलट सांगावयाचे, या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, त्या जागेविषयी मला आज बोलावयाचे आहे. कारण त्या जागेत माणसे मेली आहेत, आणि त्यांच्या मरणाचा जाब कोणी द्यावयाचा हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

आपण म्हणाल, साठ लाखांची मोटार या सभागृहात किती जण घेणार? मग हा विषय आपला कसा? तो दोन कारणांनी आपला आहे. एक, श्रीमंतांच्या गाडीतली सोय चार-पाच वर्षांत मध्यमवर्गाच्या गाडीत उतरते. चाकणला बनणाऱ्या गाड्यांतही २०२१ पासून चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा बसू लागली आहे, आणि स्टिअरिंगवरचे हात काढून, पाय सीटवर घेऊन बसलेल्या बहाद्दरांची चित्रे आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिली आहेत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या देशात स्टिअरिंगवर बसलेला माणूस पुष्कळदा गाडीचा मालक नसतो, तो पगारी ड्रायव्हर असतो. जाहिरात मालक वाचतो आणि तिचे परिणाम ड्रायव्हर भोगतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी यंत्राचा वैरी नाही. संघटनेचे काम करणारा माणूस बोलावयास उभा राहिला की यंत्राला शिव्या घालणार, असा एक समज आहे. विजेची मोटार ही चांगली वस्तू आहे. डिझेलच्या धुरात आयुष्य काढणाऱ्या ड्रायव्हरला, क्लीनरला आणि नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. चालकाची नजर चुकली असता आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, ही तर मी प्रत्येक ट्रकमध्ये आणि प्रत्येक एस.टी.मध्ये मागेन. २०२३ साली या देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आणि पायी चालणारांचा होता. यांतली थोडी जरी वाचणार असतील तरी त्या यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्राच्या नावाने जे शब्द विकले जातात त्यांच्याशी आहे.

हे शब्द विकण्याचा धंदा जुना आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स या कंपनीने 'फ्युचरामा' नावाचा देखावा उभा केला होता. त्यात १९६० सालचे जग दाखविले होते, आणि त्या जगात मोटारी आपोआप अंतर राखून राजमार्गावरून धावत होत्या. १९६० साल आले आणि गेले. राजमार्ग झाले, मोटारी पुष्कळ विकल्या गेल्या, पण त्या चालविणारा माणूस जागच्या जागीच राहिला. 'आणखी थोड्या वर्षांत' हा या धंद्यातला सर्वांत टिकाऊ माल आहे.

आपल्या काळातही हाच माल नव्या वेष्टनात आला. टेस्लाचे प्रमुख एलॉन मस्क यांनी २०१५ साली सांगितले की, साधारण दोन वर्षांत मोटार पूर्णपणे स्वतः चालेल. २०१६ साली सांगितले की, २०१७ संपण्यापूर्वी एक गाडी लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत कोणी हात न लावता जाऊन दाखवील. ती गाडी त्या मुदतीत निघालीच नाही. एप्रिल २०१९ मध्ये सांगितले की, पुढच्या वर्षी रस्त्यावर दहा लाखांहून अधिक स्वयंचलित टॅक्सी असतील. २०२० साली अशी एकही नव्हती. शेवटी जून २०२५ मध्ये ऑस्टिन शहरात मोजक्या टॅक्सी निघाल्या, आणि त्यांतही चालकाच्या शेजारच्या आसनावर कंपनीचा नोकर लक्ष ठेवण्यासाठी बसविलेला होता. दरम्यान या 'पूर्ण' सोयीची किंमत अमेरिकेत २०२२ साली पंधरा हजार डॉलरपर्यंत चढली होती. ज्यांनी २०१६-१७ मध्ये पैसे भरले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या, पण वचन काही फळाला आले नाही. २०२४ साली कंपनीने त्या नावापुढे कंसात 'देखरेखीखाली' असा शब्द जोडला. 'पूर्ण स्वयंचलित (देखरेखीखाली)'! आमच्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे तर सोनूबाईने कथलाच्या वाळ्याची पावतीही गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

दुसरी एक कंपनी होती, निकोला. तिने जानेवारी २०१८ मध्ये आपला मोठा मालवाहू ट्रक रस्त्यावरून धावत असल्याचे चलच्चित्र प्रसिद्ध केले. पुढे उघड झाले की, तो ट्रक स्वतःच्या शक्तीने चालतच नव्हता, त्याला उतारावरून सोडून दिले होते. उतारावरून तर बैल न जुंपलेली बैलगाडीही धावते, पण तिच्यासाठी कोणी भागभांडवल गोळा करीत नाही. निकोलाचे संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना २०२२ साली ज्युरीने फसवणुकीबद्दल दोषी ठरविले, डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. कंपनी त्याच्या आदल्या महिन्यात दिवाळखोरीत गेली होती.

मात्र आजच्या विषयाला सर्वांत उपयोगी पडणारे चलच्चित्र टेस्लाचे आहे, ऑक्टोबर २०१६ मधले. त्याच्या आरंभी पडद्यावर मजकूर येतो, त्याचा आशय असा की, चालकाच्या जागेवर बसलेला माणूस केवळ कायद्यापुरता बसला आहे, तो काहीही करीत नाही, गाडी स्वतःच चालली आहे. पुढे याच विभागाच्या प्रमुखाने एका खटल्यातील जबानीत शपथेवर सांगितले की, त्या गाडीचा मार्ग आधीच नकाशात आखून ठेवलेला होता, आणि चित्रीकरणाच्या प्रयत्नांत गाडी स्वतः उभी करताना एकदा कुंपणावर आदळली होती. ती जबानी जानेवारी २०२३ मध्ये जगापुढे आली. चलच्चित्रात कुंपण दिसत नाही.

'कायद्यापुरता बसलेला माणूस' हे शब्द आपण लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे. जाहिरातीतले बाकीचे खोटे ठरले, तरी हे शब्द फार खरे ठरले, आणि लिहिणाऱ्याच्या मनात नसलेल्या अर्थाने खरे ठरले. ते कसे, ते पाहू.

त्यापूर्वी मोजमापाविषयी चार शब्द बोलतो, कारण शब्दांची फसवणूक आकड्यांतूनही होते. विजेची मोटार एका भरणीत किती किलोमीटर जाते, हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. आपल्याकडे हा आकडा ठराविक चाचणीतून काढतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ए.आर.ए.आय. या संस्थेचे नाव त्यामुळे घरोघर झाले आहे. चाचणी खोटी नसते. पण चाचणीत गाडी रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगाने चालते. आपल्या रस्त्यात घाट असतो, मे महिना असतो, मागे सासुरवाडीची चार माणसे असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या टाटांच्या 'कर्व्ह' या विजेच्या मोटारीचा चाचणीतला आकडा ५८५ किलोमीटर होता, आणि प्रत्यक्ष वापरात ४०० ते ४२५ किलोमीटर मिळतील असे कंपनीनेच सांगितले. दोन्ही आकडे सांगितले, हे चांगले केले. सर्वांनी तसेच करावे. दक्षिण कोरियात जानेवारी २०२३ मध्ये तेथील व्यापार आयोगाने टेस्लाला सुमारे २८५ कोटी वॉन दंड केला, कारण थंडीत गाडीचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो ही गोष्ट जाहिरातीत गिऱ्हाइकाला सांगितलेली नव्हती. पल्ल्याचा आकडा फुगविला तर माणूस वाटेत अडकतो, चिडतो, टेम्पो मागवितो. चालविण्याच्या क्षमतेचा आकडा फुगविला तर माणूस घरी परत येत नाही. म्हणून आता मूळ विषयाकडे येतो.

या यंत्रणा काम कशा करतात? गाडीला कॅमेरे असतात, काहींना रडार असते. समोरच्या गाडीचे अंतर मोजून वेग कमी-जास्त करणे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहून स्टिअरिंग वळविणे ही त्यांची मुख्य कामे. जगातल्या मोटार-अभियंत्यांनी २०१४ पासून याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या आहेत. दुसऱ्या पायरीपर्यंत गाडी चालविणारा माणूसच असतो, यंत्र मदतनीस. तिसऱ्या पायरीवर ठराविक परिस्थितीत यंत्र चालक होते. आपल्याकडे आणि परदेशात दुकानांत विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व गाड्या दुसऱ्या पायरीवरच्या आहेत. 'ऑटोपायलट' दुसऱ्या पायरीवरचे, आणि लोकांच्या गाडीतले 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' हेही दुसऱ्याच पायरीवरचे.

या मदतनिसाची एक मोठी अडचण आहे. रस्त्याच्या कडेला खांब, फलक, पूल अशा असंख्य स्थिर वस्तू असतात. प्रत्येक स्थिर वस्तूला भिऊन ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही. म्हणून रडारवर चालणाऱ्या कित्येक यंत्रणांना स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करावयास शिकविलेले असते. परिणाम असा की, चालत्या गाडीमागे अदबीने चालणारे यंत्र उभ्या गाडीवर जाऊन आदळू शकते. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात एक ट्रेलर रस्ता आडवा ओलांडीत होता. टेस्ला सरळ त्याच्याखाली घुसली आणि आत बसलेला गृहस्थ जागीच ठार झाला. लख्ख आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू यंत्राला वेगळी ओळखता आली नाही. १ मार्च २०१९ रोजी त्याच राज्यात तशाच आडव्या ट्रेलरखाली दुसरी टेस्ला घुसली आणि दुसरा गृहस्थ गेला. मधल्या तीन वर्षांत गाड्या पुष्कळ विकल्या गेल्या होत्या.

यावर कंपनीचे उत्तर ठरलेले असते: 'पुस्तिकेत लिहिले आहे की चालकाने लक्ष ठेवावे.' हे उत्तर वरवर योग्य दिसते. पण माणसाचा स्वभाव काय सांगतो? दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी विमानातल्या रडारसमोर तासन्‌तास बसणाऱ्या सैनिकांच्या हातून खुणा निसटू लागल्या, तेव्हा ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा टिकटिक पुढे सरकतो, क्वचित एकदम दोन घरे उडी मारतो; ती उडी दिसली की कळ दाबावयाची. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की, पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड ढिली होते आणि उड्या निसटू लागतात. ही माणसे आळशी नव्हती, निवडक सैनिक होते. १९८३ साली लिझान बेनब्रिज या विदुषीने एका निबंधात याच गोष्टीचे पुढचे टोक दाखविले: काम यंत्राकडे दिले की माणसाचा हात कामातून जातो, आणि नेमक्या कठीण क्षणी त्याच हाताकडून कौशल्य मागितले जाते.

कापड गिरणीत वा कारखान्यात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. हाताने काम करणारा माणूस जागा राहतो, चालत्या यंत्राकडे नुसते पाहत बसणारा पेंगतो. तरीही यंत्र विकताना म्हणावयाचे 'आता तुम्ही निर्धास्त बसा', आणि अपघात झाल्यावर म्हणावयाचे 'तुम्ही बसलात कसे निर्धास्त?' या दोन वाक्यांमध्ये चालक सापडतो.

आता जबाबदारीचा प्रश्न. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी गावी उबर कंपनीची स्वयंचलित चाचणी-गाडी एका बाईवर जाऊन आदळली. ती बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडीत होती. ती मेली. गाडीत कंपनीची एक पगारी चालक देखरेखीसाठी बसलेली होती आणि तिचे लक्ष मोबाइलकडे होते. ही तिची चूक होती, आणि तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळाने ती स्वच्छ शब्दांत नोंदविली. पण मंडळाने आणखीही नोंदविले. गाडीच्या यंत्राला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. यंत्र तिला कधी मोटार समजले, कधी सायकल, कधी आणखी काही. झेब्रा पट्ट्याबाहेर माणूस रस्ता ओलांडतो, ही गोष्ट त्या यंत्राला शिकविलेलीच नव्हती. मूळ व्होल्वो गाडीत असलेली, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. आणि पूर्वी गाडीत दोन माणसे बसत, ती कंपनीने कमी करून एकच ठेवली होती.

न्याय कसा झाला तो पाहा. २०१९ साली सरकारी वकिलाने जाहीर केले की, कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही. २०२० साली त्या चालक बाईवर खटला झाला. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा स्वीकारली. यंत्र कंपनीचे, ब्रेक बंद करण्याचा निर्णय कंपनीचा, दुसरा माणूस कमी करण्याचा निर्णय कंपनीचा. आणि गुन्हेगार कोण, तर जिला तासाप्रमाणे पगार मिळत होता ती. ती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. ती एकटीच दोषी होती, हे मला मान्य नाही.

यालाच मी 'कायद्यापुरता माणूस' म्हणतो. गाडी नीट चालली तर श्रेय यंत्राचे. गाडी आदळली तर दोष माणसाचा. तो तिथे बसलेलाच असतो दोष घेण्यासाठी.

अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने २०२२ साली रस्त्यावर थांबलेल्या बंबांवर, पोलिसांच्या गाड्यांवर आणि तत्सम वाहनांवर टेस्ला आदळल्याच्या १६ प्रकरणांविषयी लिहिले की, यंत्रणेने धडकेच्या आधी सरासरी एका सेकंदाहूनही कमी वेळात ताबा सोडला होता. एका सेकंदात माणूस काय करील? रस्ता पाहील, समजून घेईल, की ब्रेकवर पाय ठेवील? चीनमध्ये २९ मार्च २०२५ च्या रात्री शाओमी कंपनीची मोटार ताशी ११६ किलोमीटर वेगाने साहाय्यक यंत्रणेवर चालली होती. पुढे रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. इशारा मिळाल्यापासून काँक्रीटच्या कठड्यावर आदळेपर्यंत चालकाला दोन-चार सेकंद मिळाले. तीन विद्यार्थिनी गेल्या. एवढ्या अवधीला 'ताबा परत देणे' म्हणत नाहीत, अंग काढून घेणे म्हणतात.

परंतु सर्वत्र अंधारच आहे असेही नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी मायामी येथील ज्युरीने एक निकाल दिला. २०१९ साली फ्लोरिडात एक टेस्ला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीवर आदळली होती, एक तरुणी मेली आणि तिचा मित्र जबर जखमी झाला. चालक हातातून पडलेला मोबाइल वाकून शोधत होता. ज्युरीने दोष वाटून दिला: दोन तृतीयांश चालकाचा, एक तृतीयांश कंपनीचा, आणि दंडात्मक भरपाईसह कंपनीच्या वाट्याला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर लावले. कंपनीने निकाल अमान्य करून अपिलाचा मार्ग धरला. या खटल्यात आणखी एक गोष्ट घडली. अपघाताच्या वेळची जी नोंद कंपनीजवळ नाही असे सांगितले गेले होते, ती फिर्यादींनी नेमलेल्या तज्ज्ञाने गाडीतल्या चिपमधून बाहेर काढली. कारखान्यात अपघात झाला की हजेरीचे आणि दुरुस्तीचे रजिस्टर कोणाच्या कपाटात आहे यावर चौकशीचा निम्मा निकाल ठरतो. इथेही तेच.

आणि शब्दांनाही लगाम बसू लागला आहे. चीनच्या सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मोटार कंपन्यांना बोलावून सांगितले की, दुसऱ्या पायरीवरच्या यंत्रणेच्या जाहिरातीत 'स्वयंचलित' असले शब्द वापरता येणार नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोटार-वाहन खात्यापुढील प्रकरणात 'ऑटोपायलट' हे नाव गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारे ठरले.

मग खरे यंत्र आणि खोटे यंत्र ओळखावे कसे? मी अभियंता नाही; यंत्राच्या पोटात काय आहे ते मला कळणार नाही. पण एक कसोटी अडाणी माणसालाही लावता येते: अपघात झाला तर जाब कोण देणार, एवढेच विचारा. जर्मनीत मर्सिडीज कंपनीने २०२२ साली तिसऱ्या पायरीची यंत्रणा विकावयास काढली. ती ठराविक राजमार्गांवर, ताशी साठ किलोमीटरपर्यंतच चालत असे. फार मर्यादित, जाहिरातीला फिकी. पण ती चालू असताना जबाबदारी आमची, असे कंपनीने मान्य केले होते. अमेरिकेत वेमो कंपनीच्या टॅक्सी २०२० पासून फीनिक्सच्या भागात चालकाविना लोकांना नेऊ लागल्या. तिथे खुर्चीच रिकामी, तेव्हा दोष ढकलावयाचा कोणावर? क्रूझ कंपनीच्या रिकाम्या गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला फरफटत नेले आणि कंपनीने सारी हकिगत सांगितली नाही, तेव्हा परवाना कंपनीचाच गेला. पाहा, माणूस उठला की जबाबदारी आपोआप मालकाच्या घरी जाते. ज्याला आपल्या यंत्राचा भरवसा आहे तो जबाबदारी घेतो. जो जबाबदारी घेत नाही, त्याने यंत्राला काहीही नाव दिलेले असो, त्याचा स्वतःचाच त्यावर भरवसा नाही.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती होती. पॉवर प्रेसला गार्ड बसविण्याऐवजी 'कामगाराने हात सांभाळावा' अशी पाटी लावून मालकाची सुटका होत नसे. कायद्याने हे ओळखले होते की, माणूस थकतो, माणसाची नजर हलते, आणि म्हणून यंत्रच असे हवे की नजर हलली तरी हात जाऊ नये. तो कायदा आता २०२० च्या सुरक्षा-संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, माणसाचा हात तोच आहे. कारखान्याच्या भिंतीत जे तत्त्व पाऊणशे वर्षे मान्य होते, ते रस्त्यावर आल्यावर का विसरावे?

आपल्या ड्रायव्हरची स्थिती पाहा. जुन्या दंडसंहितेत हयगयीने मृत्यू घडविल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. याच कलमातील अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या दहा वर्षांच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले, तेव्हा ती तरतूद थांबविण्यात आली. म्हणजे चालकावरचा भार वाढतोच आहे. अशा वेळी मालकाने गाडीत साहाय्यक यंत्रणा बसविली आणि म्हटले, 'आता गाडी स्वतः लक्ष ठेवते, तेव्हा आणखी चार तास चालव', तर काय होईल? १९६१ साली मोटार-वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्याने घातली, ती यंत्र कच्चे होते म्हणून घातली नव्हती, माणूस माणूस होता म्हणून घातली होती. यंत्राच्या नावाखाली ते आठ तास दहा होणार असतील आणि बारा होणार असतील, तर त्या यंत्राने जीव वाचविले की घेतले, याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून आपण चालकाविना चालणारी मोटार भारतात येऊ देणार नाही. त्यांचा हेतू मला आवडला. पण नुसत्या मनाईवर माझा भर नाही. गाडी चालकाविना येईल तेव्हा येईल. आज जी आली आहे ती अर्धी आहे, आणि अर्ध्या यंत्राचा चालकाला अधिक धोका आहे. त्याची नोकरी राहते, पण पगार पहिल्याइतकाच, जबाबदारी दुप्पट आणि हातचा ताबा अर्धा. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही नवी सोय आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

म्हणून माझे मागणे चार गोष्टींचे आहे. पहिली, नावाची: जे यंत्र मदतनीस आहे त्याला मदतनीसच म्हणावे, आणि मोठ्या अक्षरांत जे सांगावयाचे नाही ते नावातही सांगू नये. दुसरी, नोंदीची: अपघाताच्या वेळी यंत्र चालू होते की बंद, ताबा कधी सोडला, ही नोंद चालकाला, मृताच्या वारसांना आणि पोलिसांना कंपनीने विनाअट द्यावी. तिसरी, तासांची: कोणत्याही साहाय्यक यंत्रणेचे कारण सांगून चालकाचे तास वाढविता येऊ नयेत. चौथी, दोषाच्या वाटणीची: यंत्र चालू असताना घडलेल्या अपघातात एकट्या चालकावर गुन्हा नोंदवून तपास मिटवू नये, यंत्र बनविणाऱ्याचीही चौकशी व्हावी.

आपल्यापैकी जे उद्या नवी मोटार पाहावयास जातील, त्यांच्यासाठी एक सूचना करतो. विक्रेता पडद्यावर चित्रे दाखवील, हात सोडून गाडी वळवून दाखवील. ते सर्व पाहा, कौतुकही करा. ज्यांनी ते बनविले ते हुशार लोक आहेत. मग त्याला एकच गोष्ट विचारा: 'हे यंत्र चालू असताना गाडीखाली कोणी आले, तर कोर्टात तुमची कंपनी उभी राहील की मी?' त्याचे उत्तर लिहून मागा. लिहून दिले नाही, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, आणि आपल्या ड्रायव्हरलाही तसेच धरू द्या, पुरेशी झोप देऊन, आठ तास झाल्यावर घरी पाठवून.